मदत हवी आहे : वर्षभर न उघडलेल्या रंगाच्या बाटल्यांची घट्ट बसलेली झाकणे कशी उघडावीत?

नमस्कार. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रे रंगवण्यासाठी आमच्या घरी छोट्या रंगबाटल्यांचा एक डबा आहे आणि तो वर्षातून एकदाच, नवरात्र संपले की माळ्यावरून खाली उतरतो. यंदा डबा उघडला तेव्हा अकरा बाटल्यांपैकी फक्त दोन उघडल्या आणि उरलेल्या नऊ बाटल्यांची झाकणे जागची हललीसुद्धा नाहीत. त्यांपैकी सहांमध्ये पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग असून त्या काचेच्या आहेत व त्यांना आट्यांचे प्लास्टिकचे झाकण आहे. उरलेल्या तीन इनॅमलच्या आहेत आणि त्यांची झाकणे पत्र्याची आहेत.

दोष आमचाच आहे, हे आधीच मान्य करते. मुले कुंचला बाटलीच्या काठावर निथळवतात, तो रंग ओघळून आट्यांमध्ये उतरतो आणि काम संपल्यावर झाकण तसेच आवळून टाकले जाते. पांढऱ्या रंगाची बाटली उजेडात धरून पाहिली, तेव्हा झाकणाच्या खालच्या कडेला वाळलेल्या रंगाचे एक सलग कडे दिसत होते. नखाने खरवडले तर त्याचे रबरासारखे पापुद्रे निघाले.

आतापर्यंत केलेले उपाय असे. लोणच्याच्या बरणीचे झाकण अडकले की आई बरणी उलटी करून बुडावर तळहाताने थापटत असे, ते करून पाहिले. काहीही उपयोग झाला नाही. झाकणाच्या कडेने सुरी फिरवली, तर सुरी घसरून अंगठ्याला लागली. शेवटी स्वयंपाकघरातली पक्कड लावली आणि पांढऱ्या बाटलीची मान झाकणासकट निखळून हातात आली. काचेचे बारीक कण रंगात पडल्यामुळे सगळा रंग फेकून द्यावा लागला आणि मावळ्यांच्या अंगरख्यांना आता दुसरा पांढरा आणणे भाग आहे.

नव्या बाटल्या विकत घेता येतील, हे मला ठाऊक आहे. पण झेंड्यासाठी भगवा आणि बुरुजांसाठी काळपट राखाडी हे दोन रंग आम्ही स्वतः मिसळून रिकाम्या बाटल्यांमध्ये भरलेले आहेत आणि तीच छटा पुन्हा जमेल याची खात्री नाही. काच न फुटता आणि आतला रंग न बिघडता झाकण उघडण्याचा उपाय कोणी अनुभवाने सांगू शकेल का? ॲक्रिलिक आणि इनॅमल यांना एकच उपाय चालतो की वेगवेगळे, हेही कळले तर बरे होईल.

प्रतिसाद १

ताई, मी विमानांच्या आणि रणगाड्यांच्या प्रतिकृती रंगवतो, त्यामुळे ही झटापट मला नित्याची आहे. लोणच्याच्या बरणीचा उपाय इथे लागू पडत नाही, याचे कारण अडचणच वेगळी आहे. विकतच्या लोणच्याच्या नव्या बरणीत हवेचा दाब कमी असल्यामुळे झाकण आत ओढलेले असते आणि बुडावर थापटल्याने ती ओढ सुटते. तुमच्या बाटल्यांमध्ये आट्यांमधल्या वाळलेल्या रंगाने झाकण काचेला अक्षरशः चिकटवलेले आहे. म्हणून जोर लावण्याआधी हा गोंद मऊ करायला हवा.

ॲक्रिलिक रंग वाळतो तेव्हा त्यातले पाणी उडून जाते आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून एकसंध पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण उष्णतेने मऊ पडतो. तेव्हा वाटीत हाताला सोसवेल त्यापेक्षा थोडे अधिक गरम पाणी घ्यावे, बाटली उलटी धरून फक्त झाकण बुडेल इतकीच पाण्यात ठेवावी आणि पाच मिनिटे थांबावे. येथे आणखी एक गोष्ट आपल्या बाजूने काम करते. अशा झाकणांसाठी सर्रास वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक तापल्यावर काचेच्या दहापटीहून अधिक प्रसरण पावते. अडीच सेंटिमीटर व्यासाचे झाकण चाळीस अंशांनी तापले, तर ते काचेच्या तुलनेत साधारण एक दशांश मिलिमीटर सैल होते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, परंतु आट्यांमधला पापुद्रा सुटायला तेवढे पुरते. मात्र उकळते पाणी थंड काचेवर एकदम ओतू नये, काच तडकते.

एवढ्यानेही सुटले नाही, तर बाटली पुसून सरळ उभी ठेवावी आणि झाकणाच्या खालच्या कडेला ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडून पंधरा मिनिटे वाट पाहावी. बाटली उलटी असताना अल्कोहोल सोडू नये, कारण ते झिरपून आतल्या रंगात गेले तर रंगाच्या गुठळ्या होऊ शकतात.

इनॅमलचे गणित निराळे आहे. तो हवेतला प्राणवायू शोषून कडक होतो, त्यामुळे पूर्ण वाळलेला थर टर्पेंटाइनने विरघळत नाही, जेमतेम मऊ होतो. तेथे गरम पाण्यावरच अधिक भरवसा ठेवावा, कारण पत्राही काचेपेक्षा थोडा जास्त प्रसरण पावतो. फक्त प्लास्टिकइतका फरक पडत नाही.

प्रतिसाद २

वरील उपाय योग्य आहेत, फक्त क्रम पाळावा. अल्कोहोल अथवा टर्पेंटाइन लावलेली बाटली गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ नेऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ साधारण १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे ती बाराही महिने धोकादायक आहे, आणि दिवाळीच्या दिवसांत जवळपास पणती असतेच. नेलपॉलिश रिमूव्हर वापरण्याचा मोहही टाळावा. त्यात ॲसिटोन असेल तर काही प्रकारची प्लास्टिकची झाकणे विरघळून काचेला आणखी घट्ट चिकटतील.

प्रतिसाद ३

पक्कड बाजूला ठेवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून झाकणाभोवती दोन वेढे गुंडाळा. पकड झाकणाच्या संपूर्ण परिघावर बसते, दोन बिंदूंवर दाब येत नाही आणि म्हणून काच फुटत नाही.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळे उपाय क्रमाने केले. ॲक्रिलिकच्या उरलेल्या पाच बाटल्यांपैकी तीन नुसत्या गरम पाण्याने आणि ट्यूबच्या पट्टीने उघडल्या. राखाडीला दोनदा पाणी बदलावे लागले. भगव्याने मात्र अंत पाहिला. गरम पाण्याने काही झाले नाही, मग तो कोरडा करून अल्कोहोलचे थेंब सोडले. दहा मिनिटांनी कडेचे नारिंगी कडे पांढुरके होऊन फुगले, ते दातकोरणीने ओढले तर दोऱ्यासारखे अखंड बाहेर आले आणि त्यानंतर झाकण एका हिसक्यात फिरले. रंग वरून साईसारखा धरला होता, पण साय काढल्यावर खालचा अगदी ओला निघाला. तपकिरी बाटली उघडूनही उपयोग झाला नाही, कारण आतला रंग खोडरबरासारखा घट्ट झालेला होता.

इनॅमलच्या दोन बाटल्या उघडल्या, सोनेरी अजून अडून बसली आहे. मुकुट आणि तलवारींच्या मुठी तिच्यावाचून अडल्या आहेत. तिचे झाकण वाचवण्याचा हट्ट सोडून, हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने पत्र्याला भोक पाडावे आणि सिरिंजने रंग दुसऱ्या बाटलीत काढून घ्यावा, असा विचार आहे. पत्र्याचा चुरा आत पडला, तर तो जुन्या पायमोज्यातून गाळून निघेल का?

प्रतिसाद १

चुरा पत्र्याचा असेल, तर भोक पाडताना ड्रिलला लोहचुंबक चिकटवून ठेवा, बराचसा बाहेरच राहील. झाकण ॲल्युमिनियमचे असेल तर चुंबकाचा उपयोग नाही, तेव्हा नायलॉनच्या बारीक मोज्यातून गाळा. सोनेरी रंगातली चकाकणारी भुकटी त्यातून सहज जाते. नव्या बाटलीत भरल्यावर आटे फडक्याने स्वच्छ पुसा आणि प्लंबर वापरतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा दीड वेढा, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आट्यांवर गुंडाळा, म्हणजे झाकण लावताना ती उलगडत नाही. रंग तिला चिकटत नाही. काहीजण पेट्रोलियम जेली लावतात, पण ती रंगात उतरली तर रंग धरत नाही, म्हणून मी लावत नाही. आणि मुलांच्या हाती कुंचल्याऐवजी ड्रॉपर देऊन रंग आधी थाळीत काढून घ्यायला लावा.