मदत हवी आहे: राव्हेलच्या प्रिल्यूडमधल्या छोट्या नोट्स
फ्रेंच संगीतकार राव्हेलचा 'ल तोंबो द कुपरँ' पियानोवर वाजवणारं कोणी आहे का इथे? 1914 ते 1917 मध्ये लिहिलेला सहा भागांचा सूट (छोट्या रचनांचा संच), प्रत्येक भाग पहिल्या महायुद्धात गेलेल्या मित्रांच्या नावे आणि तरी संगीत किती हलकं, नाचरं, मला ते फार भिडतं. सध्या त्यातला पहिला भाग, प्रिल्यूड, बसवतेय. राव्हेलने स्पष्ट लिहिलंय की छोट्या नोट्स (मुख्य सुराला जोडलेले झटपट सजावटीचे सूर) बीटवरच वाजवायच्या, पण टेम्पो वाढवला की माझं मनगट आखडतं आणि त्या आधीच पडतात, त्यात पेडल जास्त दाबलं की सगळंच गढूळ. तुम्ही फिंगरिंग कोणतं घेता? पेडल कुठे सोडता? की आधी याच सूटमधला मेन्युएट शिकून मग प्रिल्यूडकडे येऊ? प्लीज सविस्तर सांगा.