शेर, पावशेर, अदपाव: जुन्या वहीतली मापं लिटर-मिलीत कशी बसवायची?

मदत हवी आहे. १९५० च्या सुमारास लिहिलेल्या पाककृतींच्या वहीत पातळ पदार्थही शेरात दिलेत. बासुंदीला अडीच शेर दूध, पावशेर साखर. मिरचीच्या लोणच्याला तीन पावशेर तेल. एका ठिकाणी 'एक पाइंट शिरका'. कुणी सांगतं शेर म्हणजे लिटर, कुणी सांगतं ९३३ मिली. नक्की काय धरू? घरात पितळेचं शेराचं मापही आहे.

प्रतिसाद १

९३३ बरोबर आहे, पण ते ग्रॅम आहेत, मिली नव्हेत. सगळा घोळ इथेच होतो. १९३९ च्या कायद्यातला प्रमाण शेर ८० तोळ्यांचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून शेर ९३३ ग्रॅम. पावशेर २३३, अदपाव ११७, छटाक ५८ ग्रॅम. मिली हवे असतील तर ग्रॅमना त्या पदार्थाच्या घनतेने भागायचं. वजनी शेराचे अंदाजे मिली असे येतात:

पाणी – ९३३
दूध (घनता १.०३) – ९०६
शेंगदाणा तेल (०.९१५) – १०२०
मध (१.४२) – ६५७

तुमचं तीन पावशेर तेल म्हणजे ७०० ग्रॅम, ७६५ मिली. तेलाला शेर = लिटर धरलंत तरी दोनच टक्के चुकतं, लोणच्याला काही होत नाही. मधाला तसं केलंत तर दीडपट मध पडेल.

प्रतिसाद २

वरचं गणित वजनी शेराचं आहे. दूध मात्र गवळी बहुधा मापाने घालत, तराजूने नाही. त्यामुळे दुधाच्या कृतींना तुमचं पितळी माप मोजून घ्या.

डिजिटल काट्यावर रिकामं माप ठेवून आकडा शून्य करा. काट्यावर ठेवूनच पाणी भरा, उचलून ठेवताना सांडतं. काठाशी आल्यावर चमच्याने थेंब थेंब घाला. पाणी काठावर फुगून उभं राहतं, तो फुगवटा मोजू नका, पृष्ठभाग काठाशी सपाट हवा. जितके ग्रॅम तितके मिली. बुडाला पोचा असेल तर माप कमी भरतं. धान्याचं माप शीग लावून, म्हणजे काठावर ढीग करून, भरायची पद्धत होती, पातळ पदार्थाला शीग नाही, म्हणून धान्याच्या हिशेबातला शेर इथे लावू नका.

वहीत कुठला शेर आहे ते शेजारच्या शब्दांवरून कळतं. तोळे, छटाक दिसले की वजनी. चिपटं, मापटं दिसलं की मापी, कारण चिपटं पाव शेराचं आणि मापटं अर्ध्या शेराचं मापच असतं.

प्रतिसाद ३

शिरक्याचा पाइंट ब्रिटिश धरा, ५६८ मिली. अमेरिकी पाइंट ४७३ मिलीचा आहे आणि मोबाइलवरचे बरेच परिवर्तक न विचारता तोच लावतात. वहीत औंस असतील तर ब्रिटिश द्रव औंस २८.४ मिली. पाइंटात असे २० औंस असतात, अमेरिकी पाइंटात १६.

शिवाय गावोगावचे शेर वेगळे होते. जुना मुंबई मण २८ रत्तलांचा (रत्तल म्हणजे पौंड), त्याचा चाळिसावा भाग म्हणजे शेर जेमतेम ३१८ ग्रॅम. एखाद्या कृतीत सगळंच एकाच शेरात असेल तर शेर कुठलाही असो, प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते शेराच्या जोडीला पाइंट किंवा रत्तल आला की. अशा कृती आधी वेगळ्या काढा.

धागाकर्ता

माप भरून पाहिलं, १०८० ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे बासुंदीला २.७ लिटर दूध? वजनाने तर २.२७ लिटरच येतं. साखर किती घालू?

प्रतिसाद २

दूध २.७ लिटर घ्या. साखर पावशेर म्हणजे वजनी २३३ ग्रॅमच, ती मापाने घेत नसत. हे प्रमाण लिटरला ८६ ग्रॅम पडतं, २.२७ लिटरला १०३ पडलं असतं. दोन्ही चालण्यासारखी आहेत, म्हणून नुसत्या साखरेवरून शेर ओळखता येणार नाही. दूध निम्म्यावर आलं की आधी २०० ग्रॅम घाला. साखर विरघळल्यावर बासुंदी पुन्हा सैल होते, ती आटू द्या, मग चव घेऊन उरलेली ३३ ग्रॅम घाला. साखर सुरुवातीलाच घातलीत तर दूध बुडाला लवकर लागतं.