दत्तकविधान पूर्ण झालं, आता पुढची मदत कोणाकडे मागायची?

रेवती_क
चार वर्षांची मुलगी घरी येऊन पाच महिने झाले. कागदपत्रं पूर्ण आहेत, संस्थेच्या समाजसेविकेच्या भेटीही विरळ होत चालल्यात. ती खाऊ उशीखाली लपवते, कोणाही अनोळखी माणसाच्या मांडीवर जाऊन बसते, रात्री तीन-चारदा उठून आम्ही आहोत ना ते बघते. यातलं आपोआप काय सुटतं आणि तज्ज्ञ कशासाठी लागतो? तज्ज्ञ योग्य आहे हे ओळखायचं कसं?

ऋजुता, समुपदेशक
रेवतीताई, ही तिन्ही लक्षणं संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये नेहमी दिसतात. त्यांना खोड समजू नका.

आधी खाऊचं. कपाटाला कुलूप लावलं की लपवणं वाढतं, कारण "खायला मिळेलच असं नाही" ही तिची समजूत त्याने पक्की होते. दर दोन-तीन तासांनी ठरलेल्या वेळी खायला द्या. शिवाय झाकण तिला स्वतःला उघडता येईल असा एक छोटा डबा तिच्या नावाचा ठेवा. त्यात न नासणारं काहीतरी असावं आणि डबा रिकामा दिसला की तिच्यादेखत, काहीही न बोलता भरावा. सुरुवातीला ती दिवसातून अनेकदा तो फस्त करेल. तिथेच पालक घाबरतात आणि डबा काढून घेतात. नेमकं तेच करू नका. डबा भरलेलाच राहतो याची खात्री पटली की ती तो उघडून बघते आणि तसाच बंद करते. याला काही आठवडे लागतात, काहींना महिने. उलट्या होईपर्यंत खात असेल किंवा वजन वाढतच नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अनोळखी माणसांकडे जाणं लोकांना गोड वाटतं, पण ते जास्त महत्त्वाचं आहे. संस्थेत पाळीप्रमाणे माणसं बदलतात, त्यामुळे जो समोर येईल तो आपला, असं मूल शिकतं. निदान आणखी काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि लागल्यावर जवळ घेणं ही चार कामं फक्त तुम्ही दोघांनीच करा. नातेवाइकांनी खुशाल खेळावं, पण ती पडली, रडली की उचलून तुमच्याकडे आणून द्यावं. त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रुसवेफुगवे होतात.

रात्रीसाठी तुमची गादी तिच्या गादीला लागून टाका. ती सलग झोपू लागली की चार-पाच दिवसांनी हातभर लांब सरकवा. पुन्हा उठू लागली तर मुकाट्याने पहिल्या जागी या. शिक्षा म्हणून खोलीत एकटं बसवणं पूर्णपणे बंद.

तज्ज्ञाला पहिल्याच फोनवर विचारा: सत्रात पालक बसतात का? पहिल्या वर्षात दोनदा-तीनदा घर बदललेल्या मुलांबरोबर काम केलंय का? "मुलाला तासभर माझ्याकडे सोडा" एवढंच उत्तर आलं तर दुसरा शोधा. या वयात काम नात्यावर करायचं असतं, एकट्या मुलावर नाही. आणि जबरदस्तीने दाबून धरणं, डोळ्यांत बघायला भाग पाडणं, खाणं तोडणं असलं काही कोणी सुचवलं तर तिथून उठा. 2000 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत असल्याच एका "उपचारात" दहा वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली. 2006 मध्ये तिथल्या तज्ज्ञांच्या कार्यगटाने अशा पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं, तरी नाव बदलून त्या अजून भेटतात.

डॉ_मंदार
मी बालरोगतज्ज्ञ म्हणून पुरवणी जोडतो. वर्तनाकडे बघण्याआधी ऐकू येण्याची आणि दृष्टीची तपासणी करा. अर्धवट ऐकू येणारं मूल "ऐकत नाही" म्हणून ओरडा खातं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, रक्तातलं शिसं, जंतांसाठी शौच, क्षयाची चाचणी, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही बघा. शेवटच्या दोन्ही सहा महिन्यांनी पुन्हा, कारण ताजा संसर्ग पहिल्या चाचणीत दिसत नाही. लोहाचंही तसंच: चांगलं खायला मिळून वाढ वेगाने सुरू झाली की शरीरातला साठा संपतो, म्हणून पहिला रिपोर्ट ठीक आला तरी पुन्हा बघा.

लसीच्या नोंदी अर्धवट असतील तर डॉक्टर रक्तातून प्रतिकारशक्ती तपासतात किंवा लस पुन्हा देतात. मुलीला आठ वर्षांच्या आधी स्तनांची वाढ दिसली तर लगेच दाखवा; दत्तक मुलींमध्ये लवकर वयात येण्याचं प्रमाण जास्त आढळतं. एक बारीक गोष्ट: फॉर्मवर कुटुंबातल्या आजारांपुढे "नाही" लिहू नका, "माहीत नाही" लिहा. पुढचा डॉक्टर "नाही" वाचून आवश्यक तपासणी सोडून देतो.

रेवती_क
खूप आभार. दत्तक असल्याचं तिला कधी सांगायचं? आणि आम्ही दोघंही थकलोय, त्याचं काय?

शुभदा_दत्तकसेवा
ती चार वर्षांची आहे, संस्था तिला आठवतेय. त्यामुळे "कधी" हा प्रश्नच उरत नाही. बोलायला आजपासून लागा. शब्द तिला आत्ता मिळतील, अर्थ हळूहळू कळेल. सहा ते आठच्या दरम्यान बहुतेक मुलांच्या लक्षात येतं की आपण कोणाच्या तरी घरी आलो म्हणजे कोणीतरी आपल्याला सोडलं. तेव्हा राग किंवा गप्पपणा येतो आणि पालकांना वाटतं आपलंच काही चुकलं. त्या वर्षासाठी समुपदेशक आत्ताच ओळखीचा करून ठेवा.

जीवनकथेची वही करा. जन्मतारीख अंदाजे असेल तर "अंदाजे" असंच लिहा. सांभाळणाऱ्या ताईंचा फोटो, संस्थेची इमारत, तिथे लागलेल्या सवयी, घरी आल्याचा दिवस. जन्मदात्या आईबद्दल माहीत नसलेलं गोड कारण रचू नका, मोठेपणी ते उलटतं. मूळ फाइलच्या प्रती लगेच मागा, कारण संस्था बंद होतात, कर्मचारी बदलतात. परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारातलं कलम 30 मुलाच्या मूळ ओळखीची माहिती जपण्याबद्दलच आहे, आणि कलम 9 मध्ये दत्तकानंतरच्या सेवांचाही उल्लेख आहे. म्हणजे परदेशी दत्तकात त्या मागणं म्हणजे कुणाचे उपकार घेणं नाही. शाळेला वंशवृक्ष आणि बाळपणीचा फोटो मागणाऱ्या गृहपाठाबद्दल आधी बोलून ठेवा.

थकव्याबद्दल: दत्तकानंतर पालकांना येणाऱ्या नैराश्यासाठी 1990 च्या दशकापासून वेगळं नाव आहे. प्रसूती झालेली नसते म्हणून कोणी विचारत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, मुलीजवळ जावंसं वाटेना, अपराधी वाटत राहिलं तर स्वतःसाठी डॉक्टर गाठा. विसाव्यासाठी एकच माणूस ठरवा. आधी तुम्ही घरात असताना येऊ दे, मग अर्धा तास, मग एक तास. परतायची वेळ सांगाल ती पाळाच. पालक गटात जा, पण तिची पूर्वकथा आणि फोटो तिथे टाकू नका. ते तिचं आहे, मोठी झाल्यावर ती ठरवेल.