टेनेसी नदीच्या खोऱ्यात धरणांच्या आधी कोण राहत होतं?

पंचवटीकर:
लेक अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला असते. मे महिन्यात दोन महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार आहे. मागच्या खेपेला जावयांनी नॉरिस धरण दाखवलं. भिंतीवर उभं राहून फोटो काढले आणि परतलो, पण मनातून काही ते जाईना. माझं माहेर चांदोरीचं. उन्हाळ्यात गोदावरी उतरली की पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडायची, आणि आजी मला हाताला धरून तिथे दिवा लावायला न्यायची. म्हणून विचारते, तिथल्या पाण्याखाली काय आहे? माणसं कुठे गेली?

मेरीवाला:
ताई, माझी सगळी नोकरी मेरीत, म्हणजे नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत झाली. आमच्याकडे टीव्हीएचं, म्हणजे तिथली धरणं बांधणाऱ्या सरकारी टेनेसी खोरे प्राधिकरणाचं, नाव आदरानं घेतलं जायचं. आपलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली त्याच धर्तीवर उभं राहिलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मे १९३३ मध्ये टीव्हीएच्या कायद्यावर सही केली आणि १९३६ मध्ये नॉरिस बांधून झालं. त्यांच्या जलाशयांची पातळी ठरावीक दिवसांनी थोडी वरखाली करायचे, म्हणजे काठावरच्या डासांच्या अळ्या सुकून मरायच्या. हिवतापावरची ही युक्ती मी स्वतः प्रशिक्षणात शिकवली आहे.

माणसांचा हिशेब मात्र मी निवृत्त झाल्यावर वाचला. नॉरिससाठी २,८४१ कुटुंबं उठली आणि ५,२२६ थडगी उकरून दुसरीकडे नेली. लॉइस्टन नावाचं अख्खं गाव बुडालं. जमिनीचे पैसे मालकाला मिळाले. वाट्यानं कसणाऱ्याच्या हाती कसला कागदच नव्हता, त्याला जमिनीचं काही मिळालं नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाचं आपल्याकडे जे होतं, तेच.

बांधकामाच्या लोकांसाठी शेजारी नॉरिस गाव वसवलं. आखीव रस्ते, घरात वीज. पण काळ्या कुटुंबांना तिथे राहायला बंदी होती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीही पुढे कुणाला शिकवलं नाही. त्याचं आज फार वाईट वाटतं.

धरणाजवळच म्यूझियम ऑफ ॲपलाचिया आहे, ते चुकवू नका. खोऱ्यातली ओंडक्यांची घरं, अवजारं, वाद्यं तिथे जपून ठेवली आहेत. ते उभं करणाऱ्या जॉन राइस अर्विन यांचं कुटुंब आधी नॉरिससाठी उठलं आणि १९४२ मध्ये ओक रिजच्या अणुप्रकल्पासाठी पुन्हा उठलं.

लिपीवेडा, सिडको:
काकांनी सांगितली ती गोऱ्या शेतकऱ्यांची पिढी. त्यांच्या आधी तिथे चेरोकी, म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी होते. १८३८ मध्ये सैन्यानं त्यांच्यातल्या बहुतेकांना पश्चिमेकडे हाकललं, वाटेत हजारो मेले. त्यांची चोटा आणि टनासी ही गावं लिटल टेनेसी नदीवर होती. राज्याचं नाव या टनासीवरूनच आलं, आणि ते गाव आज टेलिको धरणाखाली आहे. एका छोट्या माशासाठी सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये हे धरण अडवलं होतं, पण काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा करून वाट मोकळी केली आणि १९७९ च्या नोव्हेंबरात दरवाजे बंद झाले. पूर्वजांच्या गावांसाठी चेरोकींनी लावलेला दावा टिकला नाही.

मला ओढ आहे ती सेक्वोया नावाच्या चेरोकी माणसाची. त्याचा जन्म याच काठावरचा. इंग्रजी लिहिता-वाचता येत नसताना त्यानं १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी लिपी घडवली, एकेका अक्षराला एकेक चिन्ह. १८२८ मध्ये त्या लिपीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, इंग्रजी आणि चेरोकी दोन्हींत. बाळशास्त्रींचं ‘दर्पण’ १८३२ चं, तेही दोन भाषांतलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्रभर वाचत बसलो होतो.

व्होनोर गावात त्याचं संग्रहालय आहे, ते चेरोकींचंच आहे. नॉक्सव्हिलहून गाडीनं तासाभरात पोचाल. तलावाच्या काठी चोटाचं स्मारकही आहे. आठ खांब, सात कुळांचे सात आणि आठवा साऱ्या चेरोकी राष्ट्राचा.

पंचवटीकर:
दोघांचेही मनापासून आभार. लेकीला आत्ताच फोन करून व्होनोरचं सांगितलं. काका, एकच विचारते. मे-जूनमध्ये पाणी उतरून लॉइस्टनचं काही दिसेल का?

मेरीवाला:
नाही ताई. पुराला जागा राहावी म्हणून ते तलाव हिवाळ्यासाठी उतरवतात आणि उन्हाळ्याला भरून ठेवतात. आपल्या अगदी उलट. तलावाच्या त्या रुंद भागाला मात्र अजूनही ‘लॉइस्टन सी’ म्हणतात. काठावर कुणालाही विचारा, दाखवतील.