मार्शल लॉवरचा लघुपट: झेंडा, धोतरं आणि गोळीबार

प्रश्न : १२ जानेवारीसाठी, म्हणजे फाशीच्या स्मृतिदिनासाठी, सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉवर (लष्करी कायदा) आणि त्यातल्या चार हुतात्म्यांवर वीस मिनिटांचा लघुपट करतोय. मुख्य प्रसंग ८ मे १९३० चा गर्दीवरचा गोळीबार. चित्रीकरण डिसेंबरात, सोलापुरातच. झेंडा तिरंगाच ना? कोरी धोतरं जुनी कशी करायची? आणि बंदुकीचा धूर?

कलामंडळ : तिरंगाच, पण आजचा नाही. तेव्हा वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. केशरी-पांढरा-हिरवा काँग्रेसने १९३१ च्या ऑगस्टमध्ये घेतला. त्याआधीच हे चार हुतात्मे, धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे आणि सारडा, फासावर गेले होते. ही चूक सोलापूरकरांच्या लघुपटात तरी नको. चरखा ऑइल पेंटने काढू नका, कापड ताठ होऊन फडकत नाही. निळ्या सुती कापडाचा कापून शिवा. आणि फाशी येरवड्याला झाली, तेव्हा त्या दृश्यात सोलापूरचा किल्ला मागे दिसता कामा नये.

पेठेतला टेलर : अण्णा, आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढा, नाहीतर रंग बसतच नाही. मग पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम चहा पावडर दहा मिनिटं उकळून गाळायची आणि ओलं धोतर अर्धा तास बुडवायचं. कोरडं टाकलं की चट्टे पडतात. टेरिकॉट घेऊ नका. चहा धरत नाही, वर उन्हात चमकतं.

कॅमेरा-लाइट : धूर नकोच. १९३० च्या रायफलींत बिनधुराचीच दारू होती. खांद्याला बसणारा झटका नीट करून घ्या, बाकी काम आवाजावर सोडा. शंभर मीटरवरून शॉट असेल तर आवाज साधारण ०.३ सेकंद उशिरा लावा. बंदुका लाकडी असल्या तरी पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा.

खरी अडचण सावलीची आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली. डिसेंबरात साडेबारालाही साडेपाच फुटी माणसाची सावली पावणेपाच फूट पडते. मे महिना म्हणून ते दृश्य सोलापूरकराला पटणारच नाही. गर्दीचे शॉट कमरेच्या वर घ्या, जमीन दाखवू नका. पाय दाखवायचेच असतील तर इमारतीच्या सावलीत, जवळून.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. लाल पट्ट्याची खादी उद्याच आणतो. ती चहात घालायची का?

पेठेतला टेलर : नको. लाल रंग सुटला तर पांढरा पट्टा गुलाबी होईल. तिन्ही पट्टे वेगवेगळे धुवा, वाळवा आणि मगच शिवा.