दहा बाइट ‘वगळले’ म्हणजे नेमके काय केले? आणि ‘संरेखन’ चालेल का?

काठपदर:
जीसीसी कंपायलरच्या (लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना करणाऱ्या साधनाच्या) पर्यायांची माहिती मराठीत आणतो आहे आणि ‘एफ-अलाइन-लूप्स’पाशी चार दिवस अडकलोय. त्याची किंमत १६:११:८ अशी देता येते. लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांची, सुरुवात मेमरीतल्या १६ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर आणायची, पण त्यासाठी ११हून कमी, म्हणजे जास्तीत जास्त १० बाइट खर्ची पडणार असतील तरच. नाहीतर ८ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर समाधान मानायचं. मूळ मजकुरात या बाइटांसाठी ‘स्किप’ हे क्रियापद आहे, म्हणून मी लिहिलं, ‘जास्तीत जास्त १० बाइट वगळून लूपचे संरेखन करा.’ सहकाऱ्याने वाचलं आणि विचारलं, ‘माझे दहा बाइट गाळले तर प्रोग्रॅम चालेल कसा?’ त्याचं बरोबर आहे. वगळणं म्हणजे असलेलं काढणं. इथे तर नसलेलं घातलं जातं, काहीच काम न करणाऱ्या नॉप सूचना. मग ‘स्किप’ला काय म्हणायचं? आणि ‘अलाइनमेंट’ला ‘संरेखन’ पटतं का?

सोळाआणे:
संरेखन अजिबात पटत नाही. यात रेषा कुठे आहे? पत्ता ९९८ असेल तर सोळाचा पुढचा गुणाकार १००८, दहा बाइट दूर, चालतं. पत्ता ९९७ असेल तर अकरा लागतात, म्हणून तीन बाइट भरून १०००वर थांबायचं. सगळा पाढ्यांचा खेळ आहे. ‘लूप सोळाच्या पाढ्यात बसवा’ असं लिहा, शाळेतल्या मुलालाही कळेल.

शुद्धमती:
मुलाला कळेल, पण परिभाषा नुसत्या एका वाक्यापुरती नसते. संरेखनावरून संरेखित होतं, असंरेखित होतं, संरेखन-मर्यादा होते. ‘पाढ्यात बसवणे’वरून विशेषण करून दाखवा. ‘बिनपाढ्याचा पत्ता’ म्हणणार का?

सोळाआणे:
का नाही? बिनपाण्याची विहीर म्हणतोच की. संस्कृत उपसर्ग लावला म्हणजे शब्द नेमका होतो असं नाही.

ओळंबा:
रेषा नाही म्हणता, पण धागा आहे. ‘अलाइन’ फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन ‘लिनिया’, आणि त्याचा मूळ अर्थ जवसाच्या तंतूंचा दोरा. गवंडी दोरी ताणून भिंत सरळ धरतो तेव्हा आपण काय म्हणतो? भिंत सुतात आहे. आपलं सूत ‘सूत्र’पासून, तोही दोराच. दोन भाषांनी वेगवेगळ्या वाटांनी तीच प्रतिमा धरली असताना तिसरा शब्द घडवायचा कशाला? ‘लूप सुतात आणा’, ‘हा पत्ता सुतात नाही.’ विशेषणाचीही अडचण नाही. (माझं टोपणनावही ‘अवलंब’पासून आलेलं आहे. लोंबणारी दोरी तीही, पण ती उभ्यासाठी.)

शुद्धमती:
व्युत्पत्ती सुंदर आहे, मान्य. पण सुतात असण्याला किमान दोन वस्तू लागतात. इथे एकटा लूप कशाच्या सुतात?

नॉपवाला:
माझं रोजचं काम हेच, कंपायलरचा मागचा भाग, म्हणून सांगतो. आम्ही बोलताना ‘अलाइन कर’ म्हणतो, ‘अलाइनमेंट बिघडली’ म्हणतो, स्त्रीलिंगी. दुसरा शब्द मी कामावर कधीच ऐकला नाही.

पण तुमचा कुठलाच शब्द पूर्ण पुरणार नाही, कारण अलाइनमेंट एकाच प्रकारची नसते. इंटेलच्या जुन्या पिढ्या एका फेरीत १६ बाइटांचा, १६च्याच पत्त्यावर सुरू होणारा तुकडा उचलतात. लूप तुकड्याच्या मध्यावर सुरू झाला तर पहिली उचल अर्धी वाया जाते. म्हणून सुरुवात तुकड्याच्या तोंडाशी आणायची. हा झाला सोळाआण्यांचा पाढा. आता दुसरं. इंटेलच्याच स्कायलेक घराण्यातल्या प्रोसेसरांसाठी २०१९मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमची) दुरुस्ती आली. तिच्यानंतर ३२ बाइटांची सीमा ओलांडणारी किंवा सीमेलाच संपणारी जंप सूचना डीकोड केलेल्या सूचनांच्या कॅशमध्ये (पुन्हा चटकन वापरण्यासाठीच्या साठ्यात) ठेवली जात नाही. तिथे सूचना सीमेवर बसवायची नसते, सीमेपासून लांब ठेवायची असते. आयबीएमच्या पॉवर१० प्रोसेसरमध्येही तसंच: आठ बाइटांची उपसर्गवाली सूचना ६४ बाइटांची सीमा ओलांडूच शकत नाही. पाढा, सूत, रेषा यांतलं काय लावणार इथे?

आणि हे आकडे प्रोसेसरागणिक बदलतात. जीसीसीत प्रत्येक प्रोसेसरच्या तक्त्यात ते वेगळे लिहिलेले असतात. मी एकदा लूपच्या आधीच्या फंक्शनमध्ये एक ओळ वाढवली आणि नंतरच्या त्या लूपचा वेग पडला. दोन दिवस त्या नव्या ओळीत चूक शोधत होतो. लूप फक्त सरकला होता.

काठपदर:
धन्यवाद, पण माझं ‘स्किप’ राहिलंच.

सोळाआणे:
सीमेसाठी ‘काठ’ म्हणा. ‘काठाला लावणे’ आणि ‘काठ ओलांडू न देणे’, नॉपवाल्यांचे दोन्ही प्रकार त्यात बसतात.

शुद्धमती:
काठ नको. काठावर पास झालेल्या मुलाचं जे व्हायचं तेच लूपचं होईल. वाचकाला वाटेल कसाबसा बसला. इथे तर काठावरची जागा सर्वांत चांगली.

ओळंबा:
लुगड्याचा काठ कसाबसा नसतो. अर्थ संदर्भातून येतो.

वहीपेन:
मूळ प्रश्नाकडे येते. ‘सोडणे’ का नको? ‘एक ओळ सोडून लिहा’ म्हटल्यावर कोणी ओळ खोडत नाही. ‘जास्तीत जास्त १० बाइट सोडून लूप सुरू करा.’ माझ्या मते काम झालं.

काठपदर:
हे फार आवडलं! वगळणं आणि सोडणं यांतला फरक लक्षातच आला नव्हता.

नॉपवाला:
आवडलं, पण अर्धंच खरं. सोडलेली ओळ कोरी असते. नॉप कोरे नसतात, वरून लूपमध्ये उतरताना प्रोसेसर ते वाचतो आणि पार करतो. म्हणून तर दहाची मर्यादा. शिवाय नऊ बाइटांपर्यंतचा एकच लांब नॉप वापरतात, एकेक बाइटाचे नऊ नाही. ‘एफ-अलाइन-जंप्स’चं वेगळं. तिथे फक्त उडी मारूनच पोचता येतं, मधल्या नॉपांवरून कोणी जात नाही. तिथे ‘सोडणे’ अगदी चपखल. लूपसाठी मी ‘भरणे’ म्हणेन.

शुद्धमती:
एकाच क्रियापदाला एका पानावर दोन शब्द? वाचक त्या दोन वेगळ्या गोष्टी समजेल.

नॉपवाला:
त्या वेगळ्याच आहेत.

वहीपेन:
आणि याच पानावर ‘एम-ट्यून’ हा पर्यायही असेलच ना? त्याला काय लिहिताय? ‘एम-आर्च’ने कोणत्या सूचना वापरता येतील ते ठरतं. ‘एम-ट्यून’ने वापरता येणाऱ्या सूचना त्याच राहतात, फक्त त्या प्रोसेसरला सोयीच्या निवडल्या आणि मांडल्या जातात, हे आकडेही तिथूनच ठरतात. तंबोरा लावतात तसा कोड प्रोसेसरला लावायचा. मला ‘लावणे’ हवा आहे.

सोळाआणे:
मी वर ‘काठाला लावणे’ सुचवलं त्याचं मग काय करायचं?