पीडीएफवर मोजायचे, एक्सेलमध्ये जुळवायचे: अंदाजपत्रकातली चूक कमी होते की नुसती जागा बदलते?

मोजपट्टी (धागाकर्ता)

आमच्या छोट्या सल्लागार कार्यालयात निवासी इमारतींची अंदाजपत्रके तयार होतात. अलीकडे आम्ही मोजमाप नकाशाच्या पीडीएफवरच घेतो. ब्लूबीम या पीडीएफवर मापे घेण्याच्या प्रोग्रॅममध्ये पानाची स्केल ठरवायची, भिंतीवर रेघ किंवा स्लॅबवर बहुभुज आखायचा आणि प्रत्येक खुणेला बाब क्रमांक, मजला व उंची किंवा जाडी यांचे रकाने जोडायचे. ही यादी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून बाहेर काढली, की एक्सेलमधली पॉवर क्वेरी, म्हणजे तक्ते आणून जोडण्याची सोय, फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकत्र करते आणि बाब क्रमांकावरून दरसूचीशी जोडून रक्कम काढते.

माझे मत असे, की हाताने आकडे उतरवण्याची पद्धत आता सोडून द्यावी. तिच्यात तोच आकडा नकाशावरून वहीत, वहीतून शीटवर आणि शीटवरून गोषवाऱ्यात असा तीनदा उतरतो, आणि महिनाभराने 46.20 हा आकडा कोणत्या भिंतीचा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. खूण मात्र त्या भिंतीवरच उभी असते.

ओळंबा

मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे आणि मला हे पटत नाही. मोजमाप घेणे म्हणजे नकाशा वाचणे होय, आणि आराखड्यावर रेघ ओढणारा मुलगा छेद (इमारत उभी कापल्यावर कशी दिसेल तो नकाशा) उघडून पाहतच नाही, हा माझा अनुभव आहे.

गिलाव्याचेच घ्या. आयएस 1200 या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्यांची (दारे, खिडक्या वगैरेंची) वजावट करायची नसते, 0.5 ते 3 चौरस मीटरपर्यंत एकाच बाजूची वजावट होते आणि भिंतीच्या जाडीतल्या कडा वेगळ्या धरल्या जात नाहीत. 3 च्या वर दोन्ही बाजू वजा होतात, पण त्या कडा मोजाव्या लागतात. म्हणजे 0.9 × 2.1 मीटरचे दार (1.89 चौरस मीटर) एका नियमात बसते आणि गॅलरीचे मोठे दार दुसऱ्या. आत-बाहेर गिलावा वेगवेगळा असेल, तर चौकटीच्या ज्या बाजूला कड कमी, त्या बाजूने वजावट करायची. कडा सारख्या असतील तर निम्मी-निम्मी. चौकट भिंतीत कुठे बसली आहे, हे आपल्या बहुभुजाला कसे कळणार?

मोजपट्टी

साहेब, त्याला कळत नाही, हे मान्य. परंतु वहीलाही ते कळत नव्हते. कळत होते ते आपल्याला. आम्ही उघाड्यांच्या खुणा वेगळ्या करतो, प्रत्येकीवर रुंदी, उंची आणि ‘वजावट कोणत्या बाजूने’ असा रकाना ठेवतो, आणि 0.5 व 3 च्या मर्यादांचे गणित क्वेरीत लिहितो. निर्णय माणसाचाच राहतो, मात्र तो एकदा घेतला की दोनशे खिडक्यांना सारखाच लागू होतो. हाताच्या मोजमापात पाचव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत नियमाचा कंटाळा येतो, हे आपणही पाहिले असेल.

गुण्या

मी ठेकेदाराच्या निविदा विभागात आहे. दोघांचेही म्हणणे ऐकून एक प्रश्न पडतो: क्वेरी तपासतो कोण?

आमच्याकडे दरसूचीत 5.1 आणि 5.10 या दोन वेगळ्या बाबी होत्या. पॉवर क्वेरी सीएसव्हीच्या पहिल्या 200 ओळी पाहून रकान्याचा प्रकार आपणहून ठरवते; तिने तो रकाना ‘संख्या’ ठरवला आणि 5.10 चे मुकाट्याने 5.1 झाले. त्यात जोडणीच्या टेबलात एकच बाब चुकून दोनदा आली असेल, तर त्या बाबीची प्रत्येक खूण दुप्पट होऊन बाहेर पडते. यातले काहीही लाल अक्षरात दिसत नाही. बेरीज अगदी बरोबर असते, फक्त ती दुसऱ्याच गोष्टीची असते.

स्केलचेही तसेच. ‘पानात बसवा’ म्हणून 95 टक्क्यांवर छापलेला नकाशा कुणी स्कॅन करून पाठवला आणि आपण शीर्षकातले 1:100 जसेच्या तसे घेतले, तर लांबी 5 टक्क्यांनी, तर क्षेत्रफळ 10 टक्क्यांच्या आसपास कमी येते. निविदेत एवढ्यावर नफा संपतो.

फक्की

एककांचेही सांभाळा. आमच्या भागात मुरुमाचा दर ब्रासमध्ये सांगतात, म्हणजे 100 घनफूट, म्हणजे साधारण 2.83 घनमीटर. क्वेरी बाब क्रमांक जुळवते, एकक नाही.

ओळंबा

गुण्या यांनी माझे म्हणणे माझ्यापेक्षा चांगले मांडले. वहीतली चूक एका ओळीपुरती असे. ही पन्नास ओळींत एकदम शिरते.

मोजपट्टी

खरे आहे, आणि म्हणूनच ती पन्नास ओळींतून एकदम निघतेही. बाब क्रमांकाचा रकाना पहिल्याच पायरीत मजकूर म्हणून बांधून घ्यावा, दरसूचीतली दुहेरी बाब जोडणीआधी अडवावी आणि ज्या खुणांना दर सापडला नाही त्यांची वेगळी शीट काढावी. मोठ्या-लहान अक्षरांचा फरक किंवा शेवटची मोकळी जागा एवढ्यानेही इंग्रजी अक्षरे असलेला बाब क्रमांक जुळत नाही, म्हणून ही शीट क्वचितच रिकामी येते. स्केल शीर्षकावरून न घेता नकाशावर लिहिलेल्या एखाद्या लांब मापावरून, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी पडताळावी. फक्की यांच्या सूचनेनुसार एककाचा रकानाही जोडणीत घेतो. तो आमच्याकडे नव्हता.

वजावटीच्या बाजूबद्दल मात्र ओळंबा साहेबांचा आक्षेप शिल्लक राहतो. तो रकाना कनिष्ठ अभियंता छेद न पाहता भरेल, ही भीती रास्त आहे, आणि त्यावर क्वेरीत उपाय नाही.

ओळंबा

मग तो रकाना रिकामा असेल तर रक्कमच निघू देऊ नका, आणि भरणाऱ्याचे नाव व छेदाचा नकाशा क्रमांक त्याच ओळीत येऊ द्या. मोजमाप पुस्तकात आम्ही सही त्यासाठीच करत होतो.